तबकडीतला कचरा

१

दुपारचा एक वाजला की मल्लिनाथ घरातले पंखे बंद करायचा. एप्रिलातलं सोलापूर, डोक्यावर पत्रा, गल्लीतलं कुत्रंसुद्धा भिंतीच्या कडेला सावली धरून पडलेलं, आणि हा गडी एकूण एक पंखा बंद करणार, फ्रिजची पिन काढणार, मोबाइल कपड्यांच्या कपाटात कोंबणार. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडणार, "ए, आवाज!" म्हणजे आवाज करू नकोस. तेवढं अख्खं वाक्य बायकोसाठी कशाला वाया घालवायचं?

जुन्या तबकड्यांवरची गाणी संगणकात उतरवून द्यायची, हा त्याचा धंदा. बत्तीस वर्षं एका टॉकीजमध्ये साउंड सांभाळला. टॉकीज बंद पडलं, कान तेवढा उरला. कान मात्र खरंच तयार होता. खरखर, टिकटिक, घरघर, सुईखालची धूळसुद्धा त्याला ऐकू यायची. लोकांना ती येत नाही, कारण लोक बैल असतात, असं त्याचं स्वच्छ मत. गिऱ्हाईक तबकडी घेऊन आलं की तो आधी तबकडीकडे बघायचा, मग माणसाकडे, आणि दोघांना मिळून म्हणायचा, "काय घाण करून ठेवलीय!"

आत त्याची बायको शरणम्मा कडक भाकरी करायची. ज्वारीची, पातळ, वाळवून ठेवली की महिनाभर टिकणारी. पहाटेपासून थापायची, आणि संध्याकाळी पाच वाजता वच्छला नावाची बाई येऊन ते गठ्ठे दुकानांत पोचवायची. घर त्या भाकरीवर चालायचं. मल्लिनाथला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो त्या कामाला "तुझी ती थपथप" म्हणायचा.

सोमवारी जगदेवीबाई आल्या. अक्कलकोटच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. पिशवीतून त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक तबकडी काढली.

"अण्णा, आमच्या बाबांचा आवाज हाय यात. घरातच गायले होते, सोप्यात बसून. एकच तबकडी करून घेतली होती. रविवारी त्यांची पुण्यतिथी हाय, सगळ्यांना ऐकवायचंय. शनिवारी चार वाजता येते न्यायला."

"बघू."

"आणि मागं घरातले आवाज हायत थोडे. ते काढू नका. जसं हाय तसंच द्या."

"बाई, लोक माझ्याकडे कचरा काढायलाच येतात."

"आमची माणसं हायत त्यात," जगदेवीबाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर मल्लिनाथ एकटाच हसला. माणसं म्हणे! उद्या कुणी उकिरड्यालाही भावकी म्हणेल. त्यानं तबकडी पुसली आणि दुसऱ्या दिवसाच्या कामात लावून ठेवली.

२

मंगळवारी दुपारी सुई तबकडीवर टेकली. जगदेवीबाईंचा बाप, म्हणजे त्याच्या लेखी म्हाताराच, बरा गात होता. सूर सच्चा, जरा नाकातला. दुसऱ्या मिनिटाला त्याच्या मागून आवाज आला. थप थप थप थप.

मल्लिनाथनं हेडफोन काढून फेकला. "ए! आवाज! किती वेळा सांगायचं?"

तो तरातरा आत गेला. परात पालथी घातलेली होती. शरणम्मा भिंतीला टेकून झोपली होती, घामानं चिंब, तोंडावर पदर. तिच्या झोपण्याचाही त्याला राग आला. पण झोपलेली बाई भाकरी थापत नाही, एवढं कबूल करावंच लागलं.

मग त्यानं सगळे उपाय केले. सुई बदलली. यंत्राखाली सोलापुरी चादर चार घड्या करून घातली, म्हणजे जमिनीचा हादरा वर चढू नये. वायरी उलटसुलट करून पाहिल्या. थपथप होती तिथंच, दुसऱ्या मिनिटाला. बरं, तबकडीला चरा असेल तर तो दर फेरीला वाजतो. दोन सेकंद झाले नाहीत तोच पुन्हा टक. हे तसं नव्हतं. चौदा थापा भराभर, मग थांबणं, मग काहीतरी खळखळणं, मग पुन्हा चौदा. चौदा थापा म्हणजे एक भाकरी, थांबणं म्हणजे ती तव्यावर टाकणं. ती खळखळ म्हणजे कोपरापर्यंत सारलेल्या काचेच्या बांगड्या.

त्याला घाम फुटला. पंखा बंद होता म्हणून, असं त्यानं मनाशी म्हटलं.

शरणम्मा भाकरी कशी थापते हे त्यानं तीस वर्षांत बसून कधी पाहिलं नव्हतं. पण ऐकलेलं होतं. नववी थाप जरा जड पडते, कारण तिच्या उजव्या मनगटात जुनी कळ आहे. तबकडीतली नववी थापही जड पडत होती. आणि ही तबकडी शरणम्माच्या जन्माच्याही आधीची होती.

"सगळ्या बायका अशाच थापतात," तो मोठ्यानं म्हणाला. "शिकवलेल्या माकडिणी सगळ्या." आणि त्याला बरं वाटलं.

३

बुधवारी त्यानं थपथप काढून टाकली. काम सोपं असतं. जिथं गाणं नाही आणि नुसता कचरा आहे, असा एक तुकडा निवडायचा. तो नमुना. मग संगणकातल्या प्रोग्रॅमला सांगायचं, असलं जे जे असेल ते सगळीकडून उपस. त्यानं चौदा थापांचा नमुना घेतला, बटण दाबलं. म्हातारा धुतल्यासारखा स्वच्छ गायला लागला. जगदेवीबाईंनी काढू नका म्हटलं होतं, पण बाईंना काय कळतं?

गुरुवारी सकाळी त्याला जाग आली ती उशिरा. ऊन अंथरुणापर्यंत आलेलं. रोज पहाटे पाचच्या थपथपीनं झोप मोडायची, आज मोडलीच नव्हती. बाई मेली की काय, असं त्याच्या मनात आलं, आणि चहा कोण करणार हे लगेच पाठोपाठ आलं.

शरणम्मा परातीपुढं बसली होती. हात वर जात होता, खाली येत होता. पिठावर पडत होता. आवाज होत नव्हता.

मल्लिनाथनं कानात करंगळी फिरवली. स्टोव्हचा फरफराट ऐकू येत होता. त्यानं दार वाजवलं, तेही वाजलं. शेजारच्यांचा टीव्हीही चालू होता. फक्त तिचा हात तेवढा कापसावर पडल्यासारखा पडत होता.

"हाताला काय झालंय कळंना," शरणम्मा वर न बघता म्हणाली. "पीठ हाय, हात हाय, पण मधी काय तरी न्हाय बघा."

"बरं झालं. घरात शांतता तरी आहे."

"मला भ्या वाटतंय, अहो."

"मग काम कर. काम करताना भ्या वाटत नाही."

संध्याकाळी वच्छला गठ्ठा बांधता बांधता थांबली. एक भाकरी उजेडाकडे धरली, उलटी केली. "अक्का, हिच्यावर बोटं उमटली न्हाईत की. मशीन आणलंय व्हय?" मल्लिनाथनं एक भाकरी उचलली आणि दोन्ही हातांनी कानाजवळ मोडली. कडक भाकरी मोडली की आवाज गल्लीच्या टोकाला जातो. भाकरीचे दोन तुकडे झाले, आवाज झालाच नाही.

"पीठ मऊ पडलंय," तो म्हणाला आणि तुकडे परातीत टाकून बाहेर गेला.

४

शुक्रवारी त्यानं तबकडी पुन्हा लावली, ताळा करून बघायला. दुसरं मिनिट आलं आणि गेलं. थपथप नव्हती.

आता हे मात्र अति झालं. संगणकातून आवाज पुसला म्हणून काळ्या तबकडीतला कसा पुसला जाईल? फोटोतला डाग खोडला म्हणून माणसाच्या गालावरचा जात नाही. मल्लिनाथनं तीनदा लावून पाहिली. म्हातारा गात होता, मागं बांगड्या खळखळत होत्या, आणि त्यांच्या मधे, जिथं भाकरी थापली जायची तिथं, काहीच नव्हतं.

दुसरा कुणी असता तर तिथंच थांबला असता. पण मल्लिनाथ स्वतःला बुद्धीचा माणूस समजायचा, आणि अशी माणसं घाबरली की परीक्षा घेतात. त्यानं शरणम्माला हाक मारली. "ए, इकडे ये. दारात उभी राहा. हात हलव."

"कशापायी?"

"हलव म्हटलं ना!"

तिनं उजवा हात हलवला. हिरव्या बांगड्या खळखळल्या. मल्लिनाथनं तबकडीतल्या खळखळीचा नमुना घेतला आणि तिच्याकडे बघत बटण दाबलं. पडद्यावरची निळी पट्टी भरत गेली. दारातली खळखळ बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि पट्टी भरली तेव्हा संपली. शरणम्माचा हात हलतच होता. काच काचेवर आपटताना दिसत होती.

शरणम्मानं हाताकडे पाहिलं. मग संगणकाकडे, मग त्याच्याकडे. हा धंदा सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदाच त्या खोलीच्या आत दोन पावलं आली.

"अहो, पुरे की आता. हात जोडते. त्या बाईची तबकडी हाय तशी देऊन टाका. आणखी काय काढलंसा तर मी ऱ्हानार न्हाय."

"माहेरी जाणार? जा की."

"माहेरी न्हवं," ती म्हणाली. "मी काय कचरा हाय व्हय?"

त्यानं पडद्याकडे तोंड फिरवलं. "उन्हानं कान बधिर होतात," तो म्हणाला. "तुझेही आणि माझेही. जा, पाणी पी." ती गेली. तिच्या पावलांचाही आवाज झाला नाही. पण ती अनवाणी होती, तेव्हा त्यात विशेष काही नाही, असं त्यानं ठरवलं.

५

शनिवारी फक्त एक गोष्ट उरली होती. सबंध तबकडीभर, गाण्याच्या खाली, एक बारीक गुणगुण.

गुणगुण म्हटली की मल्लिनाथच्या जिवात जीव यायचा. ती विजेची असते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की यंत्र गुणगुणायला लागतं. अंगणात मीठ आणि कोळसा घालून बुजवलेला खड्डा होता, तो उन्हानं पार भेगाळलेला. नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं, ते त्याच सकाळी आलं होतं आणि शरणम्मानं तांब्यातांब्यानं भरून ठेवलं होतं. त्यानं प्यायच्या पाण्याच्या दोन घागरी उचलल्या आणि खड्ड्यात ओतल्या. ती दारातून बघत राहिली.

गुणगुण गेली नाही.

त्यानं ती पडद्यावर मोठी करून पाहिली. विजेची गुणगुण एकाच उंचीवर सरळ रेघेसारखी जाते. ही वर जात होती, खाली येत होती, मधेच श्वासाएवढी थांबत होती. म्हणजे ही विजेची नव्हती. हे त्याला दिसलं. नंतर कुणी विचारलं असतं तर दिसलं नाही असं त्यानं सांगितलं असतं, पण त्याला दिसलं. साडेतीन झाले होते. अर्ध्या तासात ती मास्तरीण येणार, आणि मल्लिनाथच्या हातून गुणगुण राहिलेली गोष्ट बाहेर जाणार? बायको घाबरते म्हणून? हा आवाज काही तिचा नव्हता, असला आवाज त्यानं घरात कधी ऐकलाच नव्हता.

त्यानं नमुना घेतला आणि बटण दाबलं.

चारला जगदेवीबाई आल्या. त्यानं त्यांच्या कानांना हेडफोन लावला आणि हाताची घडी घालून कौतुकाची वाट बघत उभा राहिला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"अव्वा कुटं गेली?"

"कोण?"

"माझी आई. बाबा गाताना ती मागं भाकरी थापायची. तिची उजवी बाजू अधू होती, एक थाप जड पडायची. ती वारली तवा मी चार वर्सांची. तिचा दुसरा आवाज न्हाई माझ्याकडं, फोटोसुदिक न्हाई." त्यांनी हेडफोन काढला. "कुटं हाय ती?"

"बाई, तो कचरा होता. आता बघा कसे स्वच्छ..."

"बाबा एकटेच बसलेत यात," जगदेवीबाई म्हणाल्या. त्यांनी तबकडी परत लुगड्यात गुंडाळली. पायरी उतरताना वळून त्यांनी मल्लिनाथकडे असं पाहिलं, जसं तो स्वतः तीस वर्षं लोकांकडे बघत आला होता. फाइल त्यांनी नेली नाही.

६

मल्लिनाथ स्वयंपाकघरात गेला. काहीतरी बोलावं, एवढ्याचसाठी. शरणम्मा स्टोव्हपाशी उभी होती. तिनं त्याच्याकडे वळून तोंड उघडलं. ओठ हलले, पुष्कळ वेळ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या. आवाज नव्हता. तिच्या पाठीमागच्या फळीवरचे डबे होते, डाळीचा, मिठाचा, चटणीचा, ते तिच्या आरपार जरा जास्तच नीट दिसत होते.

"अक्का!" वच्छला मागल्या दारातून आत आली. शरणम्मापासून दोन हातांवर उभी राहिली आणि इकडेतिकडे बघायला लागली. "अण्णा, अक्का कुटं गेल्या?"

"ही काय समोर!"

वच्छलानं समोर पाहिलं. शरणम्मा तिच्या तोंडापुढं हात हलवत होती. वच्छला फळीवरचे डबे बघत होती. "कुटं? थपथप न्हाय, गुणगुण न्हाय, म्हनून म्हटलं बाहेर गेल्या आसतील."

"कसली गुणगुण?"

"अक्का गुणगुणतात की थापताना. तोंड मिटून. लई ग्वाड. तुमी बाहेर गेलात की चालू, तुमची चाहूल लागली की बंद. तुमाला ठावं न्हाय व्हय?"

मल्लिनाथला आठवलं. लग्नाच्या पहिल्या महिन्यात एका सकाळी काहीतरी ऐकू आलं होतं आणि तो ओरडला होता. नंतर पुन्हा कधी ऐकू आलं नाही. आपण सांगितलं आणि तिनं सोडून दिलं, असं तो धरून चालला होता.

तो बाहेरच्या खोलीकडे पळाला.

७

त्या प्रोग्रॅममध्ये उपसलेला आवाज एका वेगळ्या पट्टीवर पडून राहतो. हवा तर परत मिसळता येतो. मल्लिनाथनं ती पट्टी आजवर एकदाही ऐकली नव्हती. कचरा कोण ऐकतं?

त्यानं हेडफोन लावला. म्हातारा त्यात नव्हताच. नुसती शरणम्मा होती. थापा, बांगड्या, आणि वरून ती गुणगुण, कोवळी, नव्या नवरीची. किती बरं गात होती! त्याच्या तयार कानाला एकही सूर इकडचा तिकडे वाटला नाही. आणि मग त्याच पट्टीत, अगदी जवळून, एक पुरुष ओरडला.

"ए! आवाज!"

सगळं थांबलं. थोड्या वेळानं थापा पुन्हा सुरू झाल्या, दबकत. "ए! आवाज!" पुन्हा थांबल्या. असं होत गेलं. दर ओरडण्यानंतर मागचं कमी कमी होत गेलं, आणि शेवटचा तिसरा हिस्सा कोरा होता. हे असंच परत मिसळलं तर जी परत येईल ती गप्प झालेलीच येईल. त्याला ते लख्ख कळलं.

त्या पट्टीत आता एकच कचरा होता. मल्लिनाथनं तो निवडला. "ए! आवाज!" एवढा तुकडा. नमुना घेतला. बटणावर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं.

हा आवाज कुणाचा हे त्याला ठाऊक होतं. हा काढला तर काय होतं हेही आता ठाऊक होतं. आत वच्छला "अक्का, ओ अक्का" करत होती, आणि तिच्या हाकेला कुणी ओ देत नव्हतं. त्याला रडू फुटलं. बायकोच्या प्रेमानं म्हणावं तर तेवढं चांगलं त्याच्याबद्दल बोलायला नको. रात्री या घरात एकटंच पडायचं, आणि भिंतीपलीकडे कुणीच नाही, या कल्पनेनं तो लहान पोरासारखा घाबरला. त्यानं डोळे मिटले आणि बटण दाबलं. मग उरलेली पट्टी गाण्यात परत मिसळली.

आतून आवाज आला. थप थप थप थप.

"अगं बया!" वच्छला किंचाळली आणि हसायला लागली. "हितंच बसलायसा की अक्का! माझ्या डोळ्याला काय झालं म्हनायचं?"

मल्लिनाथ खुर्ची पाडून उठला. खुर्ची पडल्याचा आवाज झाला नाही. तो आत धावला, उंबऱ्याशी उभा राहिला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं बायकोला नावानं हाक मारली. छाती भरून मारली. शरणम्मा! गळा ताणला, जीभ हलली. स्वयंपाकघरात थपथप होती, स्टोव्ह फरफरत होता, आणि त्या दोन्हींच्या वर, तोंड मिटून, शरणम्मा गुणगुणत होती.

"अण्णा कुटं गेले?" वच्छला त्याच्या अंगावरून नजर फिरवत म्हणाली. "आत्ता तर हितं हुते."

शरणम्मानं मान वर केली. तिनं उंबऱ्याकडे पाहिलं, बरोबर जिथं तो उभा होता तिथं. डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. मल्लिनाथनं हात जोडले. ती बघत होती, चांगले पाच-सहा श्वास बघत होती, आणि तिला तो दिसतोय याबद्दल त्याला तिळभर शंका उरली नाही. गुणगुण थांबली होती.

"काय बघताय अक्का?"

"काय न्हाय," शरणम्मा म्हणाली, आणि बांगड्या वर सारून तिनं पुढचा गोळा परातीत घेतला.